ठकुआजीचं मौन

॥ श्री ॥
बेळगाव,
ता. १८ जून १९६१

ती. अक्कास,
वसूचे शि. सा. न. वि. वि.

आम्ही सर्व इकडे मजेत आहोत. तिकडे अम्माचे गुडघे, विशूची नोकरी आणि तुझ्या शाळेतल्या मुली, तिन्ही ठीक असतील असं धरून चालते.

एक बातमी आहे. मी पुढच्या मार्चमध्ये एस.एस.एल.सी.ला बाहेरून बसणार आहे. दोन मुलींच्या आईला पस्तिशीत हे काय सुचलं, असं अम्मा म्हणेल. तेव्हा तिला पुढचा मजकूर वाचून दाखव.

इथे ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी एक शाळा निघाली आहे. शाळा म्हणजे काय, दोन खोल्या आणि एक बाई. गिरिजाला तिथे घातलं. पोर नऊ वर्षांची झाली, पण सकाळी माझ्या आधी उठून, वेणी घालायला फणी घेऊन उभी राहिलेली मी तिला आत्ता पहिल्यांदा पाहते आहे. तिथल्या बाई म्हणाल्या, की हातवाऱ्यांनी तुम्ही तिच्याशी इतकं बोलता, तर इथेच शिकवायला का येत नाही. फक्त ट्रेनिंगला पाठवायचं तर एस.एस.एल.सी. हवी. माझी गाडी इंग्रजी चौथीत थांबलेली. बाकीचे विषय थोरल्या कल्पनाच्या पुस्तकांवर निभतील. ती याच वर्षी पास झाली, पण तिने जीवशास्त्र घेतलं नव्हतं आणि मला नेमकं तेच घ्यायचं आहे. कान आतून कसा असतो, हे मला एकदा नीट शिकायचं आहे. मराठी पुस्तक दुकानात मिळत नाही. राज्य बदललं तशी पुस्तकं बदलली, नवी म्हणे छापून यायची आहेत.

तेव्हा तू मला पत्रातून शिकव. अगदी पायापासून, मला काही म्हणजे काही येत नाही असं धरून. नाही म्हणायची तुला सोय नाही. बेचाळीस साली तू मामाला नकार देऊन कॉलेजात गेलीस आणि अम्माने भावाला दिलेला शब्द राखायला परकरातली मी बोहल्यावर उभी राहिले. माझ्या वाट्याचंही तूच शिकलीस, आता त्यातलं थोडं इकडे येऊ दे. हे वाचून आमचे हे, म्हणजे तुझे भीमूमामा, सुपारी कातरता कातरता हसताहेत.

अम्माला नमस्कार, विशूला आशीर्वाद. माया आहे ती आहेच, तिच्यासोबत पहिला धडाही पाठव.

तुझी,
वसू

॥ श्री ॥
चामराजपेट, बेंगळूर,
ता. २ जुलै १९६१

चि. सौ. वसूस,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र अम्माला वाचून दाखवलं. ती म्हणाली, शिकू दे, पण त्या नादात पोळ्या करपवू नको म्हणावं. एवढ्यावर सुटलीस. बेचाळीस सालाचं तू थट्टेत लिहिलंस हे मला कळतं. मला ते थट्टेत वाचता आलं नाही, एवढंच. धडे दर पंधरवड्याला पाठवीन.

तर पहिला धडा. सजीव कशाला म्हणायचं? जे खातं, श्वास घेतं, वाढतं, बाहेरचा स्पर्श-उजेड ओळखून हलतं आणि आपल्यासारखं दुसरं निर्माण करतं, ते सजीव. आणि सजीव मग तो वड असो की विंचू, पेशींचा बनलेला असतो. कांदा चिरताना दोन पाकळ्यांच्या मधे पातळ पापुद्रा सुटतो, तो घे. मामांकडे पोस्टातलं भिंग आहे ना, न लागणारे पत्ते वाचायचं? त्यातून उजेडाकडे धरून बघ. भिंतीतल्या विटांसारखे चौकोन जेमतेम दिसतील. ती एकेक पेशी. प्रत्येकीत एक केंद्रक असतं, ते त्या भिंगातून दिसणार नाही, माझ्यावर विश्वास ठेव. एकसारख्या पेशी मिळून ऊती, ऊती मिळून अवयव, अवयव मिळून तू आणि मी. आकृती मागच्या पानावर आहे, ती न बघता काढता आली पाहिजे.

इकडची बातमी. विशू यशवंतपूरच्या कारखान्यात कायम झाला. सायकलने जातो-येतो, कोटाला तेलाचे डाग पाडून घेतो. अम्माने त्या आनंदात ठकुआजीच्या तसबिरीला मोगऱ्याचा हार घातला. नेहमीप्रमाणे आधी जमिनीवर दोनदा पाय आपटला, मग नमस्कार केला आणि आम्हां दोघांनाही करायला लावला. शाळेत जीवशास्त्र शिकवणारी बाई घरी तसबिरीपुढे पाय आपटते, हे माझ्या मुलींनी पाहिलं तर काय म्हणतील कोण जाणे. पण अम्माची आत्या ती, जन्मभर मौनव्रत पाळलेली. नेहमी समाधीत असायची, तिला जागं करून मग पाया पडायचं ही अम्माच्या माहेरची रीत, तीवर वाद घालण्यात अर्थ नाही.

हार घातल्यावर अम्मा मुद्द्यावर आली. विशूचं आता लग्न करायचं आणि मुलगी घरातलीच आहे, असं ती म्हणते. तिच्या मनात कल्पना आहे. सख्ख्या मामाचा हक्क पहिला, हे आपल्या इकडच्या घरांत नवं नाही. तुला लवकरच ती लिहील. मी त्यावर काही बोलले नाही.

मामांना नमस्कार, मुलींना गोड पापा. आठवण ठेवतेसच, अभ्यासाचीही ठेव.

तुझी,
कावेरीअक्का

॥ श्री ॥
बेळगाव,
ता. १० ऑगस्ट १९६१

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पेशी, मूळ-खोड, पान असे तुझे तिन्ही धडे पोहोचले. कांद्याच्या पापुद्र्यापायी आठवडाभर घरात सगळ्यांनी कांद्याचं पिठलं खाल्लं. विटा दिसल्या. गिरिजाने तर भिंग सोडलंच नाही. तिने मामांच्या तळहाताची कातडी, आंब्याचं पान आणि शेवटी झोपलेल्या मांजराचं नाक तपासलं.

रात्री जेवणं झाली की मी धडा मोठ्याने वाचते, मामा सुपारी कातरत ऐकतात. पान उजेडात स्वतःचं अन्न स्वतः करतं, हे ऐकून ते म्हणाले, की खात्यात पगारवाढ मागण्यापेक्षा आपणही पान असतो तर बरं झालं असतं. खालच्या बिऱ्हाडातल्या बाईंची तक्रार मात्र चालूच आहे. मी माडीवर सारखे पाय आपटते म्हणून त्यांचं डोकं उठतं. त्यांना किती वेळा सांगितलं, की गिरिजाला हाक ऐकू येत नाही, फळ्यांची जमीन हादरली की ती वळून बघते, म्हणून आपटते. त्या मान हलवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर येतात.

अम्माचं पत्र आलं. मामांना आनंद झाला. बहिणीची मुलगी त्यांनी केली, आता त्यांची मुलगी बहिणीच्या घरी जाणार, म्हणजे फेरा पुरा झाला म्हणतात. इथल्या शेजारणींना सांगितलं तर त्यांनी डोळे मोठे केले. यांच्यात मामेबहीण चालते, पण सख्खी भाची म्हणजे त्यांना कसंसंच होतं. मी म्हटलं, माझ्याकडे बघा, मीही भाचीच आहे. मग बिचाऱ्या चहा प्यायल्या. कल्पना हो म्हणाली. विशूमामा हसरा आहे, एवढंच म्हणाली.

आता एक विचारायचं आहे आणि ते मी मामा झोपल्यावर लिहिते आहे. तुझ्या पुस्तकात ग्रहणाबद्दल काही आहे का? गिरिजाच्या वेळी मला पाचवा महिना होता, ग्रहण लागलं होतं आणि मी विसरून विळीवर पडवळ चिरायला बसले होते. अम्मा तेव्हा आली होती, तिने बघितलं आणि कपाळाला हात लावला. नंतर तिने कधी बोलून दाखवलं नाही. पण ती विळी मी आजतागायत वापरलेली नाही. माळ्यावर आहे. पोरगी शाळेतून येऊन तोंडाने आवाज काढायचा प्रयत्न करते, तेव्हा माझी नजर आपोआप माळ्याकडे जाते. शास्त्रात काय ते असेल ते मला सांग, चांगलं असो वा वाईट.

जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझी,
वसू

॥ श्री ॥
चामराजपेट, बेंगळूर,
ता. २७ ऑगस्ट १९६१

चि. सौ. वसूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी वर्गावर जाण्याआधी वाचलं आणि त्या तासाला मुलींना वाचायला लावून स्वतः खिडकीपाशी उभी राहिले. पुस्तकात ग्रहणाबद्दल काहीही नाही. विळीचा आणि पोटातल्या मुलाचा काही संबंध नाही. ती माळ्यावरून काढ आणि वापर. एवढं मी खात्रीने सांगते, जास्त विचारू नकोस.

तुला हवा होता तो कान सोबत पाठवते. बाहेरचा कान नुसता आवाज गोळा करतो. तो नळीतून पडद्यावर आपटतो, पडदा हलला की त्याला चिकटलेली तीन इवलीशी हाडं हलतात आणि हादरा आतल्या शंखासारख्या नळीत जातो. तिथल्या बारीक केसांसारख्या पेशी तो मज्जातंतूंच्या हवाली करतात आणि मेंदूला ऐकू येतं. यांतला कुठलाही एक टप्पा बंद असला की पुढचे सगळे उघडे असून उपयोग नाही. आकृतीत नावं घातली आहेत, पाठ कर, कान हमखास विचारतात.

बेडकाचा धडाही आहे. तो तुला मामांसमोर वाचता येणार नाही असं दिसतं, कारण त्यात बेडूक चिरावा लागतो. मी पहिल्यांदा चिरला तेव्हा घरी येऊन अंघोळ केली आणि अम्माला कारण सांगितलं नाही. यानंतर सरळ रोगजंतू आणि आरोग्य घेऊ. मधला एक छोटा भाग मी सोडला आहे. तो किचकट आहे, गणितासारखा, आणि त्यावर प्रश्न क्वचितच येतो. तुझा वेळ वाचेल.

अम्मा कल्पनासाठी म्हैसूरहून रेशमी साडी आणवते आहे. विशूला विचारलं तर तो अम्माच्या मनात असेल तसं, सरी, चालेल, असं म्हणून सायकल पुसायला गेला. माझी तब्येत ठीक आहे. झोप थोडी कमी लागते.

मुलींना पापा. माझ्यावरचा विश्वास कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
अक्का

॥ श्री ॥
बेळगाव,
ता. २२ ऑक्टोबर १९६१

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

दसरा झाला, सोनं वाटलं, तुझं पाकिटात घातलं आहे. लग्न माघात धरायचं ठरलं. तू महिनाभराची रजा आताच टाकून ठेव, नाहीतर ऐन वेळी शाळेचं कारण काढशील. माझ्या लग्नात तू मांडवात जेमतेम अक्षतांपुरती होतीस, हे मी विसरलेले नाही.

कान पाठ झाला. तो मामांना वाचून दाखवला तेव्हा ते सुपारी कातरायचे थांबले. गिरिजाच्या कानात नक्की कुठे अडलं असेल, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, परीक्षेला तेवढं खोल नाही.

आता तुला पकडलं आहे बघ. परीक्षेचा छापील अभ्यासक्रम शाळेतल्या बाईंनी मागवून दिला. तो तुझ्या धड्यांशी ताडून पाहिला. रोगजंतू अजून यायचे आहेत, बाकी सगळं जुळलं, फक्त आनुवंशिकता नावाचा धडा कुठे दिसेना. आईबापांचे गुण मुलांत कसे उतरतात, असं खाली लिहिलं आहे. हा काही छोटा भाग नव्हे, त्याला चांगले गुण आहेत. तुझ्यासारखी शिस्तीची मास्तरीण धडा गाळते म्हणजे काय? मला किचकट जमणार नाही असं वाटलं असेल तर रागवेन. लगेच लिहून पाठव.

विळीचं तू लिहिलंस ते वाचून बरं वाटलं, पण ती काढायला हात धजला नाही. तू मनाने चांगली आहेस, मला बरं वाटावं म्हणून खोटंही लिहिशील. मी एक ठरवलं आहे. कल्पनाला दिवस गेले की मी बेंगळूरला येऊन राहणार आणि ग्रहणात तिला खोलीतून हलू देणार नाही. माझ्या हातून घडलं ते माझ्या लेकीच्या हातून घडू नये. तेवढं मी जपलं तर सगळं नीट होईल.

कळावे. प्रेमात काटकसर नको, धड्यातही नको.

तुझी,
वसू

॥ श्री ॥
चामराजपेट, बेंगळूर,
ता. ५ डिसेंबर १९६१

चि. सौ. वसूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला आणि मागाहून आलेल्या दोन्ही कार्डांना मी उत्तर दिलं नाही. आजारी नव्हते. रोज लिहायला बसत होते आणि रोज वह्या तपासायला घेत होते.

काल बसवनगुडीची कडलेकाई परिषे, शेंगांची जत्रा, होती. अम्माला घेऊन गेले. नंदीच्या देवळापासून खाली रस्त्यावर भुईमुगाचे ढीग लागले होते. अम्माने शेंगा घेतल्या नाहीत, ती थेट बांगड्यांच्या दुकानी गेली आणि कल्पनाचं माप म्हणून माझा हात पुढे केला. कासार माझ्या हातावर हिरव्या बांगड्या चढवत होता, अम्मा खुशीत होती आणि मला तिथेच रडू आलं. बांगडी लागली म्हणून सांगितलं. आज आता लिहूनच उठेन. हे पत्र मामांना मोठ्याने वाचून दाखवू नकोस, आधी एकटी वाच.

गाळलेला धडा असा आहे. एका पाद्रीबुवाने मठाच्या बागेत वाटाणे लावले. उंच वेलाचा आणि बुटक्या वेलाचा संकर केला तर सगळी पिल्लावळ उंच निघाली. बुटकेपणा गेला असं कुणालाही वाटलं असतं. पण त्याने या उंच वेलांचं बी पुन्हा लावलं, तेव्हा दर चारांत एखादा वेल बुटका आला. म्हणजे बुटकेपणा गेला नव्हता, दडून बसला होता. प्रत्येक गुणाचे दोन भाग असतात, एक आईकडून, एक बापाकडून. दडणारा भाग एकच असेल तर तो दिसत नाही. दोन्हीकडून तोच आला तर दिसतो. तो दडलेला गुण घेऊन माणूस ठणठणीत जगतो, त्याला कधी पत्ताही लागत नाही. परक्या घरात लग्न झालं तर समोरच्याकडेही नेमका तोच असण्याचा संभव थोडा. एकाच घरातल्या दोघांनी लग्न केलं तर तो संभव फार वाढतो. काही मुलांचं जन्मजात बहिरेपण असंच येतं.

आता तुला कळलं असेल मी हा धडा का गाळला.

मामा आणि तू एकाच रक्ताची. गिरिजा तशी झाली असेल तर ती ग्रहणाने नव्हे. आणि कल्पनाला ऐकू येतं, विशूला ऐकू येतं, तरी दोघांतही ते दडलेलं असू शकतं. मला खात्री नाही. ताप, औषधं, जड बाळंतपण, अशीही कारणं असतात, आणि आपल्या घरात गिरिजाखेरीज दुसरं कुणी तसं झालेलं मला माहीत नाही. या एका गोष्टीचा आधार धरून मी आजवर गप्प राहिले. पण दरवर्षी मी फळ्यावर हे वाटाण्यांचे चौकोन काढते, परक्या मुलींकडून पाठ करून घेते, आणि खडू हातात घेतला की मला तू दिसतेस.

तू विळीबद्दल विचारलंस, तेव्हा मला सगळं सांगता आलं असतं. मी अर्धं सांगितलं. कारण पुरं सांगायचं म्हणजे हे सांगायचं, की ज्या लग्नातून मी सुटले आणि तू सापडलीस, त्या लग्नाने हे झालं. मला तुझी दया आली म्हणून मी गप्प होते असं मी स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. तू मला काय म्हणशील याची मला भीती वाटत होती. त्या भीतीपायी मी तुला त्या विळीखाली ठेवलं, आणि आता कल्पनालाही त्याच मांडवात उभी राहू देणार होते.

मी तेव्हा हो म्हटलं असतं तर गिरिजा माझ्या पोटी आली असती आणि तू मोकळी असतीस. हे मी कुणाजवळ बोललेले नाही. अम्माजवळ तर नाहीच.

लग्नाचं काय करायचं ते तू आणि मामा ठरवा. तुम्ही सांगाल ते मी अम्माला सांगेन, तिचा राग माझ्यावर येऊ दे. तुझा आला तरी तो माझ्या हक्काचा आहे.

लोभ ठेव असं या वेळी लिहवत नाही.

कावेरी

पोस्टकार्ड
बेळगाव,
ता. १९ डिसेंबर १९६१

चि. कावेरीस,
भीमसेनचे अनेक आशीर्वाद.

वसू बरी आहे. ती लिहीत नाही म्हणून मी लिहितो. तुझं पत्र तिने एकटीने वाचलं, दोन दिवस पिठाच्या डब्यामागे ठेवलं आणि मग माझ्यापुढे ठेवलं. मी तीनदा वाचलं. कार्डावर जास्त लिहिता येत नाही, आमच्याच खात्यातली माणसं वाचतात. तू शाळा सोडून इकडे येऊ नकोस आणि अम्मापाशी अजून काही काढू नकोस. वसू म्हणते, दोष कुणाचाच नाही. मला अजून पटलेलं नाही. परवा तिने माळ्यावरून विळी काढून धार लावून आणायला मला दिली. आणली.

सांभाळून राहा.

मामा

॥ श्री ॥
बेळगाव,
ता. २ जानेवारी १९६२

ती. अक्कास,
वसूचे शि. सा. न. वि. वि.

मी रागावले होते. कशासाठी ते आधी सांगते, म्हणजे तू भलतंच धरून बसणार नाहीस. बेचाळीस सालासाठी नाही. तू परक्या मुलींना दरवर्षी सांगत होतीस आणि मी माळ्याकडे बघत बसले होते, त्यासाठी. एवढं लिहून टाकलं, आता तो राग संपला.

तुझा धडा मी इतर धड्यांसारखाच शिकले. कागदावर चौकोन काढले, उंच-बुटके घातले. तुझी एकच अडचण होती, की आपल्या घरात गिरिजाखेरीज दुसरं कुणी नाही. मीही तेच धरून चालले होते. मग एका संध्याकाळी गिरिजा खिडकीत पाठमोरी बसून शेवंती ओवत होती. मी तिला जेवायला बोलवायला पाय आपटला, एकदा, मग दुसऱ्यांदा, आणि ती वळली. अक्का, तेव्हा माझा पाय तिथेच राहिला. अम्मा तसबिरीपुढे जसा आपटते, तसाच मी आपटला होता.

ठकुआजी मौनी नव्हती. तिला ऐकू येत नव्हतं. तुला आठवत असेल, आपण लहान असताना आजोळच्या देवघरात तांब्याची घागर तिच्या मागेच पडली होती. सगळं घर दचकलं आणि ती फुलं ओवत राहिली. अम्मा म्हणाली होती, बघा, कशी समाधी लागली आहे. मी मामांना विचारलं, तर ते म्हणाले, की आत्याला बोलवायचं तर जमिनीवर पाय वाजवा, असं वडिलांनी त्यांना लहानपणी शिकवलं होतं, आणि ती गेल्यावरही घरच्यांची सवय सुटली नाही. घरात बहिरी मुलगी आहे म्हटलं तर बाकीच्या बहिणींची लग्नं झाली नसती, म्हणून मौनव्रत झालं असणार. पुढच्यांनी तेच खरं मानून पूजा केली. मामांनीही मानलं. तू शास्त्र शिकलीस आणि तूही इतकी वर्षं तिच्यापुढे पाय आपटलास. तेव्हा एकट्या अम्माला हसायला नको.

कल्पनाचं आणि विशूचं लग्न होणार नाही. अम्माला तू काही सांगायचं नाहीस. मामांनी स्वतः आपल्या बहिणीला लिहिलं, ठकुआत्याचं सगळं आठवून लिहिलं, आणि ते पत्र पेटीत न टाकता स्वतः टपालाच्या थैलीत घालून आले. अम्मा रागावेल, तू मुलींना फार शिकवलंस म्हणेल. तू गप्प बस, एवढं तुला चांगलं जमतं. विशूला मी वेगळं लिहिलं होतं. त्याचं उलट टपाली कार्ड आलं, त्यावर फक्त सरी आणि खाली सही. मला वाटतं त्याला सुटल्यासारखं झालं आहे. कल्पनाने त्याच्यासाठी मफलर विणला होता, तो ती आता नुसता मामा म्हणून त्याला पाठवते आहे, आणि आता कॉलेजात नाव घालाल का असं विचारते. मामा हो म्हणाले. तिला तुझ्याकडे ठेवून घेशील का? विज्ञान घ्यायचं म्हणते.

मी नव्या विळीने, म्हणजे जुन्याच, भाजी चिरते. गिरिजाला दडलेल्या गुणाची गोष्ट सांगितली. एक मोठी मूठ, एक छोटी मूठ, छोटी मोठीच्या मागे लपते, असं केलं. तिने ते शाळेत जाऊन बाईंना करून दाखवलं. बाई म्हणाल्या, ट्रेनिंगला जायच्या आधीच शिकवायला लागलात.

आता तुझ्या पत्रातलं एक वाक्य राहिलं. तू हो म्हटलं असतंस तर गिरिजा तुझ्या पोटी आली असती, असं तू लिहिलंस. ते वाक्य मी किती वेळा वाचलं सांगत नाही. तुला वाटतं त्याचं मला दुःख होईल, की अक्का सुटली आणि मी सापडले. मला पहिल्यांदा तेच होईल असं वाटलं होतं. पण ते वाचून मी उठले आणि गिरिजा कुठे आहे ते बघून आले. ती पलंगाखाली मांजराला भिंगातून बघत होती. मग मी पुन्हा येऊन बसले आणि मला कळलं, की मला भीती वाटली होती. तू हो म्हणाली असतीस तर ती तुझ्याकडे गेली असती, याची. तू चुकलीस म्हणून स्वतःला जे काय शासन करायचं असेल ते कर, बहिणीचं मन आहे, मी अडवत नाही. पण गिरिजा मी तुला दिली नसती.

परीक्षेला दोन महिने आहेत. लोभ आहेच, तो मागून घ्यायची गरज नाही. रोगजंतूंचा धडा पाठव आणि यापुढे काही गाळू नकोस.

तुझी धाकटी,
वसू